गुऱ्हाळचं ‘गुर्हाळ’ झालं: डेस्कटॉपवरून ब्लॉग लिहिणाऱ्या एका गुरुजींचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात राहणारे निवृत्त शिक्षक या प्रकरणाच्या मध्यभागी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मराठी शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी. पुण्यात वीस वर्षांहून जास्त काळ डीटीपीचं काम करतो. त्यांचं नाव, गावाचं नाव, ब्लॉगचा मंच आणि सॉफ्टवेअर यांतलं काहीच इथे देत नाही. दोष एकट्या कुणाच्या माथी मारता येण्यासारखा नव्हता, हे पुढे दिसेलच.

गुरुजी शेतीतले मोडीत निघालेले शब्द गोळा करतात. पाभर, चाडं, शिवळ, मोट, नाडा, सोंदूर. एकेका शब्दावर एकेक लेख, सोबत फोटो, आणि तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला त्याची नोंद. आधी वहीत हातानं लिहायचं, मग लॅपटॉपवर टाइप करायचं आणि ब्लॉगवर टाकायचं, असा त्यांचा शिरस्ता. हे प्रकरण घडलं तोवर सव्वाशेच्या वर लेख झाले होते.

ब्राउझरमध्ये थेट लिहायच्या भानगडीत गुरुजी पडत नसत, आणि त्याला सबळ कारण होतं. गावात वीज जाते, विजेबरोबर वायफाय जातं, आणि मोबाइलची रेंज फक्त माळवदावर. एकदा ब्राउझरमध्ये तासभर टाइप केलेला मजकूर ‘जतन होत आहे’ म्हणत म्हणत नाहीसा झाला होता. त्या दिवसापासून ते डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहू लागले. नेट नसताना निवांत लिहायचं, मसुदा आपल्याच मशीनवर ठेवायचा आणि रेंज आली की एक बटण दाबून लेख पाठवायचा. त्यांच्या गरजेला ही सोय इतकी नेमकी होती की ती सोडा असं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

अशा सॉफ्टवेअरचा एक काळ होता. त्यांचं आणि ब्लॉगच्या सर्व्हरचं बोलणं ज्या पद्धतीनं चालतं ती एक्सएमएल-आरपीसी १९९८ मधली, आणि तिच्यावर उभी असलेली मेटावेब्लॉग ही पद्धत २००२ मधली. मायक्रोसॉफ्टचं विंडोज लाइव्ह रायटर २००६ मध्ये आलं. त्याचा मूळ कोड डिसेंबर २०१५ मध्ये ओपन लाइव्ह रायटर या नावानं स्वयंसेवकांच्या हाती गेला. पुढे ब्लॉगचे मंच ब्राउझरमधल्या संपादकावर भर देत राहिले आणि ही जुनी वाट मागे पडली. वाट बंद नाही, पण तिची डागडुजी करणारे हात थोडे आहेत. गुरुजी याच वाटेनं जात होते.

अडचण

सांगलीहून एका जुन्या वाचकांचा फोन आला. वय झालेलं, आवाज करडा. म्हणाले, “गुरुजी, तुमच्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर हा रफार कुठून आला?”

गुरुजींनी ब्लॉग उघडून पाहिला. ताज्या लेखाचा विषय गुऱ्हाळ हाच होता. काहील, चुलवाण, गुळव्या, जळव्या, रसाची मळी काढायला वापरायचं भेंडीचं पाणी, सगळं जागच्या जागी होतं. पण मथळ्यात ‘गुर्हाळ’ आणि खाली ‘शेतकर्यांनी’, ‘दुसर्या’, ‘वार्यावर’. चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांत हीच चूक लाल शाईनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या नावावर ती आता छापून आली होती.

त्यांनी सॉफ्टवेअर उघडलं, तर मसुद्यात शब्द बरोबर. पुन्हा पाठवला. ब्लॉगवर चूक. मग ब्लॉगवरचा लेखच सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतला, प्रत्येक शब्द खोडून नव्यानं टाइप केला आणि पाठवला. पुन्हा चूक. असं पाच वेळा झालं. यातल्या उतरवून घेण्यानं एक मोठं नुकसान केलं, आणि ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही: सर्व्हरवरचा बिघडलेला मजकूर मशीनवरच्या चांगल्या मसुद्यावर बसत होता.

मला मात्र त्यांनी लगेच सांगितलं नाही. काही महिने ते मानत राहिले की आपलीच बोटं चुकताहेत. पुढे एकदा म्हणाले, “मला वाटलं, आता हात पहिल्यासारखा राहिला नाही. लेख टाकायचंच थांबवावं.” हे ऐकून मला फार वाईट वाटलं. सॉफ्टवेअर बिघडलं की वयस्क माणूस आधी स्वतःला तपासतो, आणि तपासून झाल्यावरही दोष स्वतःकडेच ठेवतो. या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च मी यालाच धरतो.

चुकीचं निदान

मी डीटीपीवाला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टशी झगडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अक्षर बिघडलं की हात आधी फॉन्टकडेच जातो. गुरुजींना फोनवरच सांगून टाकलं, “फॉन्टचा प्रश्न दिसतोय, ब्लॉगचा फॉन्ट बदलू.”

बदलला. फरक नाही. मग ब्लॉगची मांडणी बदलली. त्यात दोन रविवार गेले आणि गुरुजींना आवडणारा मोठा अक्षर-आकार हातचा गेला. तरी ‘गुर्हाळ’ जसंच्या तसं.

एक पुरावा समोर होता आणि माझ्या नजरेतून तो सुटला. ब्लॉगवरचे दोन वर्षांपूर्वीचे लेख ठणठणीत होते. त्यांत ‘कुऱ्हाड’, ‘चऱ्हाट’, ‘बिऱ्हाड’ सगळे शब्द नीट दिसत होते, आणि तेही याच फॉन्टमध्ये. फॉन्टचा दोष असता तर जुने लेखही बिघडायला हवे होते. ही साधी गोष्ट पहिल्याच दिवशी विचारात घेतली असती तर दीड महिना वाचला असता.

खरं निदान

शेवटी मी गावी गेलो. ओसरीवर लॅपटॉप मांडला आणि ‘गुऱ्हाळ’ हा एकच शब्द तीन वाटांनी ब्लॉगवर पाठवून पाहिला: डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरमधून, ब्राउझरमधून आणि माझ्या फोनवरून. ब्राउझरमधून गेलेला बरोबर. फोनवरून गेलेला बरोबर. सॉफ्टवेअरमधून गेलेला तेवढा बिघडलेला.

मग अक्षरं मोजली. दिसायला गुऱ्हाळ एकच, पण संगणकाला तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त जोडला की ह किंवा य च्या डाव्या अंगाला लागणारा आडवा अर्धा र उमटतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, मग हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर. या अदृश्य अक्षराचं काम एवढंच: इथे रफार करू नको, अर्धा र ठेव, असं सांगणं. युनिकोडला दोन्ही वाटा मान्य आहेत.

पहिल्या तऱ्हेनं गुऱ्हाळची ७ चिन्हं होतात, दुसऱ्या तऱ्हेनं ८. गुरुजींच्या मसुद्यात मोजली तर ८ भरली. ब्लॉगवर गेलेल्या शब्दात मोजली तर ७, आणि ती सातही साधा र धरून. लेख पाठवताना सॉफ्टवेअर मजकुराची ‘सफाई’ करत होतं आणि न दिसणारं अक्षर कचरा समजून काढून टाकत होतं. रोमन लिपीत लिहिणाऱ्याचं त्यानं काहीच बिघडत नाही. मराठीत मात्र त्या एका अदृश्य अक्षरावर शेतकऱ्याचा अख्खा शब्द उभा असतो.

मग दोन वर्षांपूर्वीचे लेख चांगले कसे? गुरुजींनी तेव्हा लॅपटॉप बदलला होता. जुन्या मशीनवरचा मराठी कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ देत होता. नव्या मशीनवर पुतण्यानं प्रेमानं दुसरा, उच्चारानुसार टाइप करायचा कीबोर्ड बसवून दिला होता, आणि तो जॉइनर वापरत होता. सॉफ्टवेअरची खोड आधीपासूनच असणार, पण जुन्या कीबोर्डमुळे ती कधी वर आली नाही. दोन चालू वस्तू एकमेकींशेजारी आल्या आणि त्यांच्या मधल्या फटीतून अक्षर गळू लागलं.

निदान सांगितल्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगं, माझी बोटं नव्हती चुकत.”

इतर तक्रारी

गावी गेलोच होतो म्हणून बाकीच्या कुरबुरीही ऐकून घेतल्या. सकाळी ६ ला लावलेला लेख दुपारच्या तोंडावर साडेअकराला दिसायचा. एक्सएमएल-आरपीसीच्या तारखेत कोणत्या देशाची वेळ हे लिहायची सोयच नाही, त्यामुळे भारतातली वेळ ग्रिनिचची समजली गेली की बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. मंचाच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र कोलकाता केल्यावर हा त्रास मिटला. फोटो अर्ध्यावर अडकायचे. या पद्धतीत फोटो मजकुराच्या रूपात बदलून जातो आणि जाताना साधारण एक तृतीयांशानं फुगतो, म्हणजे फोनवरचा ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होऊन माळवदावरच्या रेंजवर चढायचा. आधी आकार कमी करायची सवय लावून घेतली. दुहेरी पडताळणी सुरू केल्यावर सॉफ्टवेअर आत शिरायचं बंद झालं होतं, त्याला वेगळा ॲप पासवर्ड करून दिला.

पुढचं ठरवताना

पुढे कसं लिहायचं यावर आम्ही दोन संध्याकाळी बोललो.

ब्राउझरवर जाणं सर्वांत सरळ होतं. पण वीज आणि रेंज तिथेच होती जिथे आधी होती. तो पर्याय गुरुजींनी ऐकूनही घेतला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसरं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लावून पाहिलं. त्यात ऱ टिकला, पण फोटोखालच्या ओळी गेल्या, आणि त्या ओळींतच शब्द सांगणाऱ्याची नोंद असते.

मग मी सुचवलं, “गुरुजी, तुम्ही वहीतलं टाइप करून मला धाडा, मी ब्लॉगवर टाकतो.” यावर ते शांतपणे म्हणाले, “तू आज आहेस. उद्या कामात असशील. माझं लिखाण माझ्या हातानं जायला हवं.” हा पर्याय मी पुढे करायलाच नको होता, असं आता वाटतं. माझ्या सोयीचा होता, त्यांच्या नव्हे.

उरला कीबोर्ड. भारत सरकारनं प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर जे च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की स्वतंत्र ऱ येतो. विंडोजमध्ये तो आधीपासून असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. अडचण एवढीच की एकाहत्तराव्या वर्षी बोटांना नवी जागा शिकवायची. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारून अख्खा कीबोर्ड काढला. स्वर डावीकडे निळ्या शाईत, व्यंजनं उजवीकडे काळ्या, आणि ऱ एकटा लाल. तो कागद भिंतीला डकवून रोज सकाळी पोथी वाचून झाली की अर्धा तास सराव.

हात बसेपर्यंत मधला पूल म्हणून एक पायरी घातली: साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं, पाठवण्याआधी र, हलन्त आणि जॉइनर यांच्या जागी ऱ आणि हलन्त एका झटक्यात बदलून घ्यायचं, आणि मगच मजकूर सॉफ्टवेअरमध्ये चिकटवायचा. सॉफ्टवेअरचं काम आता फक्त पोचवण्याचं. लेखाची मूळ प्रत एका फोल्डरमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) मजकूर म्हणून राहते, आणि ब्लॉगवरून लेख उतरवून घेणं पूर्ण बंद.

बिघडलेले लेख

खरं जिकिरीचं काम इथून सुरू झालं. नव्या मशीनवरून गेलेले पंचाहत्तरच्या आसपास लेख बिघडले होते आणि त्यांतल्या बऱ्याच लेखांचे मशीनवरचे मसुदेही, वर सांगितल्याप्रमाणे, बिघडलेल्या प्रतीखाली गाडले गेले होते.

पहिल्यांदा ब्लॉगची पूर्ण निर्यात करून दोन ठिकाणी ठेवली. मग मोह झाला तो सगळीकडे एकदम बदल करून मोकळं होण्याचा. तो करता येत नाही, कारण गळून गेलेलं अक्षर परत सांगत नाही की मी इथे होतो. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’ यांत रफारच हवा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. लग्नावरच्या एका लेखात ‘आचार्यांना तूप कमी पडलं’ असं झालं होतं. तिथे आचारी हवे होते, पण दुसऱ्या एका लेखात विनोबांचा उल्लेख होता आणि तिथे आचार्यच बरोबर होते.

म्हणून काम दोन वाट्यांत केलं. ‘र्ह’ मराठीत विरळा. गुऱ्हाळ, कुऱ्हाड, चऱ्हाट, पऱ्हाटी, गाऱ्हाणं, गिऱ्हाईक, तऱ्हा, जिथे तिथे आडवा अर्धा र. हे मी एकदम बदलून टाकले. त्यातही एक फसगत झालीच: शिक्षकभरतीच्या आठवणीत ‘शैक्षणिक अर्हता’ची ‘अऱ्हता’ झाली. ती गुरुजींच्या नजरेनं दुसऱ्या दिवशी टिपली.

‘र्य’ मात्र एकेक वाचून. मी त्या सगळ्या शब्दांची यादी काढली, प्रत्येकाच्या आगेमागे चार-चार शब्द ठेवले आणि कागदावर छापून गुरुजींना पाठवली. त्यांनी वही शेजारी घेऊन लाल शाईनं खुणा केल्या. पानं परत आली तेव्हा मला सातवीतली माझी निबंधाची वही आठवली, तेच वळण, तीच काना ओढायची ढब. पुन्हा टाइप करून लेख चढवायला अडीच महिने लागले. या काळात नवा लेख टाकायचा नाही असं गुरुजींनी स्वतःच ठरवलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच फोनला मी विचारायला हवं होतं: कधीपासून, आणि त्या सुमाराला काय बदललं? ‘नवा लॅपटॉप’ हे उत्तर पाच मिनिटांत मिळालं असतं. मी प्रश्न विचारला नाही, उपाय सांगितला.

फॉन्ट बदलण्याआधी एक शब्द दुसऱ्या वाटेनं पाठवून बघायला हवा होता. ती चाचणी फुकट होती आणि गुरुजी ती घरबसल्या करू शकले असते. त्याऐवजी त्यांच्या डोळ्यांना सोयीची मांडणी मी मोडली. ती अजून पूर्ववत झालेली नाही.

पुतण्यानं कीबोर्ड बदलला त्यात काही गैर नव्हतं. पण नव्या मशीनवर मराठी लिहिणाऱ्याला बसवताना ‘दुसऱ्या गुऱ्हाळातले शेतकरी’ असं एखादं वाक्य टाइप करून, ब्लॉगवर चढवून, तिथे जाऊन वाचून बघावं. मी आता प्रत्येकाकडे हेच करतो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हा दोष कळवायचा राहून गेला होता, तो मागाहून कळवला. मराठीचा स्क्रीनशॉट दिला, चिन्हांची मोजदाद दिली, आणि नेपाळीतही हाच अर्धा र लागतो हेही लिहिलं. अजून उत्तर नाही. तरीही हे पहिल्या आठवड्यात करायचं काम होतं.

आजची स्थिती

गुरुजी इनस्क्रिप्टवर लिहितात. वेग आधीपेक्षा थोडा कमी आहे, पण बदलाची ती मधली पायरी आता लागत नाही. लेख सकाळी ६ ला दिसतो. सांगलीच्या वाचकांनी पुन्हा फोन केला आणि रफाराचा विषयही न काढता थेट काकवीवर अर्धा तास बोलले.

यादीतला एक शब्द बरेच दिवस अडला होता. जात्यावरच्या एका ओवीत ‘दर्या’ आला होता आणि ओवीचा अर्थ दोन्हीकडे लागत होता. ओवी सांगणारी म्हातारी गेली. त्या पानाची वही पावसात भिजून अक्षरं पसरली होती. गुरुजींनी म्हातारीच्या लेकीचा नंबर मिळवला आणि तिला ओवी फोनवर म्हणायला सांगितली. मी शेजारीच होतो. दर्या म्हणताना द वर आघात येतो, दऱ्या म्हणताना येत नाही, एवढाच कानाला कळणारा फरक. तिनं दोनदा म्हटली. गुरुजींनी फोन ठेवला, लॅपटॉप पुढे ओढला, शिफ्ट धरून जे दाबलं.